बटण दाबणे म्हणजे रक्तदाब मोजणे नव्हे

रक्तदाब मोजण्याचे काम आता यंत्राने आपल्याकडे घेतले आहे, पट्टा बांधून बटण दाबले की आकडा समोर येतो, आणि म्हणून परिचारिकांना त्यासाठी वेगळे प्रशिक्षण देणे म्हणजे आधीच अपुऱ्या असलेल्या मनुष्यबळाचा वेळ वाया घालवणे होय, असे मत सार्वजनिक आरोग्यसेवेच्या वर्तुळात वरचेवर मांडले जाते. या मताच्या जोडीला आणखी तीन युक्तिवाद येतात. परिचर्येच्या अभ्यासक्रमात हे कौशल्य शिकवलेलेच असते, चार-पाच अंकांच्या फरकाने कोणाचे काही बिघडत नाही, आणि शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीतल्या गर्दीत पुस्तकातली पद्धत पाळणे कोणालाही शक्य नसते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात, जिथे एका चुकलेल्या नोंदीनंतर आणखी दोन-तीन तपासण्या होण्याची सोय असते, तिथे हे मत एक वेळ खपून जाईल. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे लाडखेड किंवा बोरी अरबहून एसटीने येणाऱ्या माणसाच्या दंडाला महिन्यातून फार तर एकदा पट्टा लागतो आणि त्या एका आकड्यावर पुढच्या महिन्याच्या गोळ्या ठरतात, तिथे हे मत घातक आहे.

त्यात तथ्याचा अंश आहे आणि तो आधी मान्य करायला हवा. स्टेथोस्कोप कानाला लावून रक्तदाब मोजताना ऐकणाऱ्याच्या कानाचे दोष, हवा सोडण्याची घाई आणि आकडा सोयीच्या ठिकाणी नेऊन टेकवण्याची सवय हे सगळे नोंदीत उतरते. स्वयंचलित यंत्रात हे दोष पुष्कळ कमी होतात. पारा विषारी असल्यामुळे २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची उपकरणे जगभर मागे पडत आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली, साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणीसुद्धा, अचूकतेची चाचणी उत्तीर्ण झालेली स्वयंचलित यंत्रेच वापरण्याच्या बाजूने कौल दिला आहे. डिजिटल यंत्र यायला हवे होते, ते आले, आणि त्याला विरोध करण्याचे काही कारण नाही. वाद आहे तो यंत्रामुळे शिकवण्यासारखे काही उरले नाही या निष्कर्षाशी, आणि तो निष्कर्ष यंत्र कसे चालते हे न पाहता काढलेला आहे.

रक्तदाब दोन आकड्यांत लिहितात. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते त्या क्षणी धमनीत असलेला दाब म्हणजे सिस्टोलिक, ज्याला लोक ‘वरचा’ म्हणतात; आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातला दाब म्हणजे डायस्टोलिक, लोकांच्या भाषेत ‘खालचा’. दोन्ही आकडे मिलिमीटर पारा या एककात, म्हणजे तो दाब किती उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरील या मापात सांगतात. डिजिटल यंत्र पट्ट्यातल्या हवेत धमनीच्या ठोक्यांमुळे उठणारी सूक्ष्म आंदोलने टिपते. ती आंदोलने जिथे सर्वांत मोठी होतात तो दाब धमनीतला सरासरी दाब मानला जातो, आणि वरचा व खालचा आकडा निर्मात्याने बसवलेल्या गणिती सूत्राने काढला जातो. या सगळ्या गणिताला मिळणारा कच्चा माल म्हणजे पट्ट्यातले आंदोलन, आणि तो पट्टा कोणत्या मापाचा आहे, कुठे आणि कशावरून बांधला आहे, ज्या दंडाला बांधला तो हृदयाच्या पातळीला आहे की नाही, यांतले यंत्राला काहीही कळत नाही. हे कळणारी व्यक्ती पट्टा बांधणारी परिचारिका असते.

पट्ट्याची चूक नवी नाही आणि ती यंत्राबरोबर नाहीशीही झालेली नाही. १८९६ साली इटलीत शिपिओने रिवा-रोची याने दंडाला गुंडाळायचा फुगता पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी सादर केली तेव्हा त्याचा पट्टा फार अरुंद होता. पाच वर्षांतच, १९०१ साली, हाइनरिख फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन वैद्याने अरुंद पट्ट्याने आकडा वाढून येतो हे दाखवून दिले. स्टेथोस्कोपने ऐकायचे ध्वनी तर त्यानंतर, १९०५ साली, निकोलाय कोरोटकॉफ या रशियन शल्यविशारदाने सेंट पीटर्सबर्ग येथे वर्णिले. म्हणजे कानाने ऐकण्याची पद्धत जन्मण्यापूर्वीच पट्ट्याच्या मापाचा दोष माहीत झाला होता, आणि कान बाजूला सारणारे यंत्र आल्यावरही तो दोष जागच्या जागी आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या, स्वयंचलित यंत्रानेच केलेल्या प्रयोगात, ज्यांना अतिमोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा मध्यम पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ मिलिमीटरने वाढून आला, आणि ज्यांना लहान पट्टा लागतो त्यांना तोच मध्यम पट्टा बांधल्यावर तो ३.६ मिलिमीटरने कमी आला.

अमेरिकेत या प्रयोगाचा पहिला आकडा गाजला, कारण तिथली चिंता स्थूल दंडाची आहे. दारव्ह्यात दुसऱ्या आकड्याकडेही तितकेच लक्ष द्यायला हवे. कापूस वेचणाऱ्या आणि सोयाबीन सोंगणाऱ्या मजूर बाईचा दंड पुष्कळदा बारीक असतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या दर पाच स्त्रियांपैकी जवळपास एकीचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. यंत्राबरोबर येणारा प्रौढांसाठीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी बनवलेला असतो. त्याहून बारीक दंडावर तो बांधला की आकडा खरा असतो त्यापेक्षा खाली येतो, आणि ती बाई गरोदर असेल तर हाच खाली आलेला आकडा सर्वांत धोक्याचा ठरतो. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि लघवीत प्रथिने उतरणे ही प्री-एक्लॅम्पसिया या विकाराची प्रमुख लक्षणे आहेत, ज्यातून पुढे झटके येऊ शकतात आणि आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. जगभरातल्या दर सहा-सात मातामृत्यूंपैकी एक रक्तदाबाच्या अशा विकारांमुळे होतो. जिचा खरा आकडा १४२ आहे तिच्या केसपेपरवर १३८ लिहिला गेला तर नोंद नियमानुसार ‘नॉर्मल’ ठरते, तिला घरी पाठवले जाते, आणि पुढच्या वेळी ती सुमारे ४० किलोमीटरवरच्या यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झटके येत असताना पोहोचण्याची शक्यता उरते. चार अंकांनी कोणाचे काही बिघडत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. भरीस भर म्हणजे प्री-एक्लॅम्पसियात अनेक स्वयंचलित यंत्रे मुळातच कमी आकडा दाखवतात, म्हणून गरोदरपणासाठी वेगळी चाचणी झालेले यंत्र हवे किंवा स्टेथोस्कोपने पडताळा घेता यायला हवा. आणि हा पडताळा घेता येणे हे पुन्हा परिचारिकेचे शिकलेले कौशल्यच आहे. ज्यांची नाडी अनियमित पडते अशा वृद्ध रुग्णांच्या बाबतीतही हेच लागू आहे.

हाताच्या ठेवणीचेही तसेच. दंड हृदयाच्या पातळीच्या खाली गेला की त्या उंचीच्या रक्तस्तंभाचा भार मापात मिसळतो, आणि हा हिशेब दर सेंटीमीटरला पाऊण मिलिमीटरच्या आसपास पडतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, जॉन्स हॉपकिन्सच्याच १३३ प्रौढांवरील प्रयोगात हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तेव्हा वरचा आकडा सुमारे ४ मिलिमीटरने आणि हात बाजूला लोंबता सोडला तेव्हा सुमारे ६.५ मिलिमीटरने वाढून आला. ज्या ओपीडीत रुग्ण बिनपाठीच्या स्टुलावर बसतो आणि टेबलावर रजिस्टरांचा ढीग असतो, तिथे हात मांडीवरच राहतो. लघवी तुंबलेली असणे, मोजताना बोलणे, पायावर पाय टाकून बसणे या प्रत्येक गोष्टीने आकडा आणखी काही अंकांनी वर सरकतो, आणि या चुका एकमेकींत मिसळतात.

ही चूक माणसाला काय किंमत मोजायला लावते हे पाहण्यासाठी लोकसंख्येतला रक्तदाब कसा पसरलेला असतो हे समजून घ्यावे लागते. उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वर आखलेली आहे, आणि १६०-१७० च्या घरातल्या माणसांपेक्षा या रेषेच्या अगदी अलीकडे-पलीकडे असणारी माणसे फार जास्त आहेत. म्हणून प्रत्येक आकडा पाच अंकांनी वर सरकला तर निरोगी माणसांचा मोठा गट रेषा ओलांडतो आणि खाली सरकला तर आजारी माणसांचा मोठा गट निसटतो. पहिल्या गटातला माणूस नको असलेली गोळी वर्षानुवर्षे घेतो, उन्हात काम करताना चक्कर येऊन पडतो, आणि मग गोळ्यांवरचा आणि दवाखान्यावरचा त्याचा विश्वास उडतो. दुसऱ्या गटातला माणूस अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत स्वतःला ठणठणीत समजतो. विदर्भात यात ऋतूचाही वाटा आहे, कारण रक्तदाब उन्हाळ्यात उतरतो आणि थंडीत चढतो, हे अनेक देशांत आढळलेले आहे. मे महिन्यातली नोंद आणि डिसेंबरातली नोंद यांच्यातला खरा फरक ओळखायचा असेल तर निदान मोजण्याची पद्धत तरी दोन्ही वेळी तीच असावी लागते.

आता अभ्यासक्रमाचा युक्तिवाद. एएनएम आणि जीएनएम या परिचर्येच्या दोन्ही अभ्यासक्रमांत रक्तदाब मोजणे शिकवतात हे खरेच आहे, पण एकदा शिकवलेले हाताचे कौशल्य टिकून राहते हे गृहीतक पुराव्यावर टिकत नाही. २०१५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १५९ वैद्यकीय विद्यार्थ्यांची कसोटी घेतली. रक्तदाब मोजण्याच्या ११ बाबींपैकी सरासरी चारच बाबी त्यांना नीट जमल्या, आणि सर्व ११ बरोबर करणारा विद्यार्थी एकच निघाला. हे सगळे महाविद्यालयात शिकत असलेले, पुस्तक ताजे असलेले विद्यार्थी होते. तेव्हा शिकून पंधरा वर्षे झालेल्या, मध्यंतरी कोणीही हात पाहून दुरुस्त न केलेल्या आरोग्यसेविकेकडून सर्व पायऱ्या मुखोद्गत असण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि तिला दोष देणे त्याहून अन्यायाचे. हा दोष ज्ञानाचा कमी आणि पडताळणीच्या अभावाचा अधिक आहे.

पडताळणी करणे अवघडही नाही, कारण नोंदवही स्वतःच साक्ष देते. डायलच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात, तेव्हा पुरेशा नोंदी घेतल्या तर शेवटचा अंक ०, २, ४, ६ आणि ८ यांपैकी प्रत्येकी साधारण २० टक्के वेळा यायला हवा. डिजिटल यंत्रावर दहाही अंक प्रत्येकी १० टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. एखाद्या उपकेंद्राच्या वहीत ओळीने १२०/८०, १३०/८०, १४०/९० असे आकडे येत असतील तर ते मोजलेले नसून अंदाजाने दहाच्या पटीत आणलेले आहेत हे कोणत्याही तज्ज्ञाशिवाय कळते. या प्रवृत्तीला शास्त्रात अंत्यांक-पसंती म्हणतात. तालुक्याच्या मासिक बैठकीत गोळ्यांचा साठा आणि नोंदणीची उद्दिष्टे तपासली जातात तशी वहीतल्या शेवटच्या अंकांची ही मोजणीही अर्ध्या तासात करता येते, आणि तिच्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. मात्र वही तपासणाऱ्याने ती परिचारिकेला पकडण्यासाठी तपासली, तर पुढच्या महिन्यात शेवटचे अंक सुरेख विखुरलेले दिसतील आणि मोजणी मात्र पूर्वीइतकीच वाईट राहील; शिकवण्यासाठी तपासली तरच तिचा उपयोग आहे.

उरला गर्दीचा मुद्दा, जो चारही युक्तिवादांत सर्वांत प्रामाणिक आहे. मोजण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि सरासरी लिहावी, ही पद्धत ऐकली की शंभर रुग्णांना पाचशे मिनिटे लागतील असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. पाच मिनिटांची विश्रांती रुग्णाची असते, परिचारिकेची नसते. भिंतीलगत पाठ टेकता येईल अशा सहा-सात खुर्च्या मांडल्या, केसपेपर काढलेले रुग्ण ओळीने त्यांवर बसले आणि परिचारिका यंत्र घेऊन एका टोकाकडून सुरुवात करून पुढे सरकली, तर तिच्यापर्यंत पाळी येईतो प्रत्येकाची विश्रांती आपोआप झालेली असते आणि तिचा खर्च होणारा वेळ दोन मोजण्यांपुरता, म्हणजे तीन-चार मिनिटांचा राहतो. पहिला आकडा स्पष्टपणे कमी असेल तिथे हा वेळही वाचवता येईल, अशी तडजोड काहींनी सुचवली आहे. ती गर्दीच्या दिवशी मान्य करायला हरकत नाही, पण नवा रुग्ण आणि गरोदर स्त्री यांना तीतून वगळावे.

या खुर्च्यांबरोबर आणखी काही गोष्टी लागतात, ज्यांचा उल्लेख प्रशिक्षणाच्या परिपत्रकांत क्वचितच असतो. दारव्ह्याच्या बाजूची बाई घट्ट बाहीचा ब्लाउज घालून येते. ती बाही वर सरकवली तर दंडाला दोरीसारखी आवळते, आणि पट्टा बाहीवरूनच बांधला तर आकड्याचा भरवसा राहत नाही. बाही मोकळी करायची तर पडदा हवा. भरल्या ओपीडीत, पुरुषांच्या रांगेसमोर, कोणतीही बाई ब्लाउजची बटणे काढणार नाही आणि कोणतीही समजूतदार सिस्टर तिला तसे सांगणार नाही. वृद्ध माणसाच्या लांब बाहीच्या सदऱ्याची गोष्ट सोपी आहे, हात पूर्ण बाहेर काढता येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळणापासून दोन-तीन बोटे वर, त्याच्या आतला रबरी फुगा कोपराच्या आतल्या बाजूला जिथे नाडी लागते तिच्यावर मधोमध येईल असा, आणि खाली एखादे बोट सरकेल इतपत घट्ट बांधावा लागतो. तळहात वर, कोपर टेबलावर टेकलेले, पाय जमिनीवर सपाट, आणि मशीन चालू असताना ‘गोळ्या संपल्या का’ हा साधा प्रश्नसुद्धा विचारायचा नाही. रुग्णाची विचारपूस करणे हा परिचर्येचा धर्म असल्यामुळे हे शेवटचे पथ्य चांगल्या सिस्टरला सर्वांत जड जाते, आणि म्हणूनच ते कारणासहित शिकवावे लागते.

असे प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून होत नाही. त्यासाठी शिकणारीने जिवंत दंडावर मोजावे, शिकवणाऱ्याने दोन कानजोड असलेल्या स्टेथोस्कोपने तेच ध्वनी त्याच वेळी ऐकावेत, दोघांचे आकडे वेगवेगळे लिहून मग ताडून पाहावेत, आणि दर सहा महिन्यांनी ही फेरी पुन्हा व्हावी. त्याच वेळी डायलच्या यंत्राचा काटा शून्यावर टेकतो का, नळीतून हवा निसटते का, तीन मापांचे पट्टे हजर आहेत का, हेही पाहून घ्यावे. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षकांनी तालुक्यातल्या दोन-तीन अनुभवी परिचारिकांना तयार करावे आणि पुढची शिकवण परिचारिकांनीच परिचारिकांना द्यावी, हा मार्ग सर्वांत टिकाऊ आहे, कारण ओपीडीतल्या अडचणी ठाऊक असलेल्या सहकारिणीने केलेली दुरुस्ती सहज स्वीकारली जाते.

यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्याने या बाबतीत आधी पाऊल टाकलेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्र व राज्य शासने आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहभागाने २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या उपक्रमात महाराष्ट्रातून प्रथम वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे निवडले गेले; ठरावीक औषधांचा सोपा क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, परिचारिकांसह चमूने दिलेली सेवा आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा हे त्याचे सूत्र होते, आणि २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. अशा उपक्रमाचे यश किती रुग्णांचा दाब १४०/९० च्या खाली आला यावरून ठरते. तो आकडा लिहिणारा हात परिचारिकेचा असतो, आणि तो हात शिकलेला नसेल तर औषधांवरचा कोट्यवधींचा खर्च योग्य माणसांवर झाला की नाही हे सांगायला कोणाकडेही आधार उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात भारतातल्या ३० ते ७९ वयोगटातल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची संख्या सुमारे १८ कोटी ८० लाख दिली आहे. त्यांपैकी निदान झालेले ३७ टक्के, आणि दाब आटोक्यात असलेले १५ टक्केच. इतक्या मोठ्या संख्येचे निदान डॉक्टरांच्या खोलीत होणे शक्य नाही, ते उपकेंद्रातच व्हावे लागेल.

म्हणून यवतमाळ जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागणी सरळ आहे: दारव्हा तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्राला आणि ओपीडीला पाठीच्या खुर्च्या, एक पडदा व तीन मापांचे पट्टे द्यावेत, आणि प्रत्येक परिचारिकेच्या व आरोग्यसेविकेच्या कामाच्या वेळेतच दर सहा महिन्यांनी अर्धा दिवस या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. वाचकानेही आपल्या वाट्याचे करावे. रक्तदाब मोजायला जाताना सैल बाहीचे कपडे घालावेत, लघवी करून मग खुर्चीत बसावे, पट्टा फुगत असताना बोलू नये, आणि आकडा वाढलेला आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजण्याची सिस्टरला विनंती करावी.